बदल करणाऱ्याचं नाव

— नाही रे, तिथे नको, इथे बस, समोर. खुर्ची ओळखलीस ना? तुझीच आहे, जुनी, फक्त एक चाक बदललंय. बस. आणि सर सर काय करतोस, आता कुठे मी तुझा सर — बरं म्हण, सवय आहे तर म्हण. काय सांगत होतो मी? हां, पत्र. तीन वर्षं तू मला मेल टाकतोयस, धम्मपाल. एकवीस मेल. 'सर, कृपया अनुभवाचे पत्र द्यावे.' आणि प्रत्येक मेलच्या खाली आधीच्या मेलची तारीख आणि वेळ, जसं काही मी कोर्टात उभा आहे. एकाला तरी उत्तर दिलं मी? नाही दिलं. आणि आज बघ, माझा मी फोन केला की नाही? स्वतः. कमललासुद्धा लावायला सांगितलं नाही. — कमल, चहा आण गं दोन, याच्यात साखर कमी — बघ, लक्षात आहे माझ्या. लोक म्हणतात सुबोध राऊळ माणसं विसरतो. नाही विसरत मी, कोणालाच नाही.

पाहिलंस ना येताना? पूर्वी एक गाळा होता आपला, आता तीन आहेत, मधल्या भिंती पाडल्या. पेशंटला थेंबथेंब औषध देणारा सिरिंज पंप कुणाचा घ्यावा, अख्ख्या मरोळमध्ये विचार, कोणीही आपलंच नाव सांगेल. आणि तू काय — घाटकोपरला त्या लिफ्टवाल्याकडे आहेस म्हणे? लिफ्टची सर्किट कार्डं दुरुस्त करतोस? चांगलं आहे ना. काम ते काम. लोक मध्ये अडकतात, तू सोडवतोस, पुण्य लागतं. मला मात्र कोणीतरी म्हणालं, हिवराळेसारखा माणूस, ज्याने अख्खी ऑपरेटिंग सिस्टम एका चिपवरून उचलून दुसऱ्या चिपवर बसवली, तो लिफ्टच्या डक्टमध्ये टॉर्च धरून उभा असतो. मी म्हटलं असेल, नशीब असतं एकेकाचं. आता तू म्हणशील पत्र दिलं असतं तर — हो, माहितीये रे, पत्राशिवाय कोणी घेत नाही, ते व्हेरिफिकेशनवाले फोन करतात, 'हा माणूस तुमच्याकडे होता का?' मला आले होते ना फोन. तीन वेळा. मी काय सांगितलं? खोटं नाही सांगितलं. मी म्हटलं, नाव ऐकल्यासारखं वाटतंय.

अरे, हस ना. गंमत केली. आता ती पवईची जर्मन कंपनी घेतेय ना तुला? मला कसं कळलं — अरे, त्यांचाही फोन आला. सोमवारी. उद्या संध्याकाळपर्यंत पत्र नाही आलं तर दुसऱ्याला घेतील म्हणाले. मी म्हटलं, थांबा, शोधतो फाईलमध्ये. आणि शोधलं. हे बघ. लेटरहेडवर, शिक्क्यासकट, दोन प्रती. एक तुझी, एक ऑफिसची. दोन्हींवर खाली सही कर, 'मिळाले' म्हणून. पाच मिनिटांचं काम आहे. साडेचारला शेठ येतायत, त्याआधी उरकू या.

वाचतोयस? वाच, वाच. घाई नाही. म्हणजे साडेचारपर्यंत नाही. तू वाचल्याशिवाय कधी कशावर सही केलीयस? सगळे तुला पंचनामा म्हणायचे, आठवतं? प्रोग्रामच्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर यादी — तारीख, वेळ, काय बदललं, कोणी बदललं, का बदललं. एक स्वल्पविराम हलवला तरी पाच ओळी. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावरही तारीख टाकायचास तू. आम्ही किती हसायचो. मी तर सगळ्यांत जास्त.

चहा घे ना. थंड होतोय. आणि आई कशी आहे, सुंदराबाई? एकदा आल्या होत्या त्या, इथे खाली गेटवर, तुझा डबा घेऊन — अच्छा. कधी? — हं. फेब्रुवारीत. वाईट झालं. बरं, पण एकदा नागपूरला जाऊन आल्या असतील ना, दीक्षाभूमीवर? त्या वर्षी राहिलं होतं, दसऱ्याला — नाही गेल्या? नंतर पण नाही? गुडघे, हं. ते होतंच या वयात. आता माझ्याकडे असं बघू नकोस. मला काय ठाऊक होतं ती शेवटची संधी होती? तू सुट्टी मागितलीस ती नेमकी दसऱ्याची, आणि पहिला लॉट त्याच दिवशी निघायचा होता, यंत्रांची पूजा होती, शेठ सगळ्या कुटुंबाला घेऊन येणार होते. मी एवढंच म्हटलं, तुझा सण वेगळा असेल, पण पगार याच यंत्रांचा आहे. जरा तिखट लागलं असेल. पण थांबलास ना तू? थांबलास. चालू करायच्या वेळेला पंप अडला तर हात लावणार कोण होतं? मी थोडाच?

आता यात गैरसमज नको. आपल्याकडे कोणी आडनाव बघत नाही. मी तर तुझं आडनाव बघूनसुद्धा घेतलं होतं तुला.

काय? कुठली ओळ? — हां, ती. 'श्री. हिवराळे यांनी ऑपरेटिंग सिस्टमची निवड, ती मिळवणे व नव्या चिपवर बसवणे ही सर्व कामे पूर्णपणे स्वतंत्रपणे व स्वतःच्या अखत्यारीत केली.' मग? कौतुक आहे रे ते! असं पत्र अख्ख्या अंधेरीत कोणी दिलं नसेल कोणाला. चाळीस दिवसांत केलंस तू ते. चिपचा दुष्काळ होता, आपली जुनी चिप बाजारात औषधालासुद्धा मिळत नव्हती, शेठ म्हणाले गाळ्याला कुलूप लावतो — आणि तू ती दुसरी, स्वस्तातली चिप घेऊन बसलास. मी शेठना समजावून सांगायचो ना तेव्हा — शेठ, ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे पंपाच्या आतला मुकादम. मोटर किती फिरवायची, स्क्रीनवर आकडा कधी दाखवायचा, नळीत हवेचा बुडबुडा आला तर बोंब कधी मारायची — कुठलं काम आधी, कुठलं नंतर, आणि तेही ठरल्या क्षणाला. आणि हिवराळे त्या मुकादमाला नव्या चिपची भाषा शिकवतोय. खरंच असं सांगायचो. म्हणजे हिवराळे नव्हतो म्हणत. 'आपण' म्हणायचो. आपण शिकवतोय, शेठ.

मग शाल-श्रीफळ मला दिलं, तर त्यात माझा काय दोष? शेठनी माझं नाव पुकारलं. मी काय भर पूजेत सांगू, की नाही शेठ, तो मागे प्रसादाच्या डिशा वाटतोय ना, त्याने केलंय हे सगळं? तू पण तसाच. डिश पुढे केलीस माझ्या. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या टेबलापाशी येऊन उभा — 'सर, फाईलवरचं माझं नाव गेलंय.' गेलंय! मी म्हटलं, कंपनीच्या फाईलवर डिपार्टमेंटच्या हेडचं नाव असतं, तशी पद्धत आहे. नव्हती पद्धत. पण तू दोन महिने त्या एका ओळीवरून माझं डोकं खाल्लंस यार, रोज सकाळी, शांतपणे, तेच वाक्य. मग काय करणार? डिसेंबरमध्ये निघ म्हटलं.

तर आता तेच नाव परत देतोय मी तुला. लेटरहेडवर. तुला हवं होतं तेच. मग अजून काय वाचतोयस?

तारीख? ३१ डिसेंबर २०२२, हो. तुझा शेवटचा दिवस. तेव्हाच टाइप केलं होतं, फाईलमध्ये पडून होतं. कागद पांढरा आहे कारण फाईल कपाटात होती. शाई — अरे, शाई काय बघतोस, तू लिफ्ट दुरुस्त करतोस की कागद तपासतोस?

हात लावू नकोस त्याला. ते दुसरं आहे. ते पेपरवेटखाली आहे ते वेगळं. परदेशातनं आलंय, तुझा काही संबंध — बरं, नाव दिसलं ना तुला वरचं. दिसलंच असणार. तीच कंपनी, जिची ती ऑपरेटिंग सिस्टम. नोटीस आहे, मग? येतात नोटिसा, मोठ्या कंपन्यांना येतातच. लायसन्सचं आहे. जुन्या चिपसाठी आपण लायसन्स घेतलं होतं, ते त्या एकाच चिपपुरतं होतं, नव्या चिपसाठी वेगळं घ्यायचं असतं. तू विचारलं होतंस, हो, दोनदा विचारलं होतंस, मेलवर, तारखेसकट. आणि शेठनी पण विचारलं होतं, की राऊळ, नवीन लायसन्स लागेल का? मी म्हटलं, छे, जुनंच चालतं. काय करू, त्यांचा चेहरा बघायचा होतास तू तेव्हा. कंपनी बुडत होती आणि मी जाऊन सांगू की अजून तीन महिने थांबा, परवानगी येऊ दे? त्यांच्या साइटवर ती फुकटातली कॉपी असते, शिकायला, चाचणी करायला, विकायच्या यंत्रात टाकायची नाही अशी. तीच घेतली. सगळेच घेतात सुरुवातीला. नंतर रीतसर करू म्हणतात. मग राहून जातं.

खातं तुझ्याच नावाचं आहे त्या साइटवर. तू नाही उघडलंस, माहितीये मला. मी उघडलं. म्हणजे — तू जेवायला गेला होतास, मशीन तुझं चालू होतं, तिथे 'फक्त चाचणीसाठी वापरीन' अशी चौकट होती, कोणीतरी टिक करायलाच हवी होती. हे आपल्या दोघांत.

त्यांना कळलं कसं? काय करायचंय तुला? — बघ, आता विचारलंस तर सांगतो, आणि ऐकून हसू नकोस. हे नवीन मॉडेल निघालं गेल्या वर्षी, फाईल मी उघडली. तू तो बुडबुड्याचा अलार्म होता ना, त्याला कामांच्या क्रमात शून्य नंबर दिला होतास. शून्य! मी म्हटलं, येडा आहे का हा, पेशंटच्या जिवाचं काम आणि त्याला शून्य? स्क्रीनच्या आकड्याला चार आणि याला शून्य? मी पाच केला. वर तुझी ती पाच ओळींची टीप होती — हा शून्य बदलू नये, या चिपमध्ये शून्य म्हणजे सगळ्यांत वरचा — ती तुझ्या नावाबरोबरच उडवली होती मी, तेव्हाच, न वाचता; जुन्या कॉपीत सापडली ती नंतर, सगळं झाल्यावर. झालं. अलार्म उशिरा वाजायला लागला. नेहमी नाही, कधीतरी, आठवड्यातून एकदा. मालाडच्या एका नर्सिंग होममध्ये सात सेकंद. कोणी मेलं नाही रे, तोंड काय पाडतोस, नर्स तिथेच उभी होती. पण तक्रारी यायला लागल्या, शेठ ओरडायला लागले, आणि मी — दोन महिने बसलो त्या फाईलसमोर. दोन महिने! एक ओळ कळेना मला. तुला फोन लावावासा वाटला एकदा. नंबर काढलापण. मग म्हटलं, त्याला? त्याला विचारू मी?

म्हणून त्यांनाच पाठवली फाईल. त्या परदेशी कंपनीला, मदतीच्या पत्त्यावर. अख्खी. 'बघा जरा काय चुकतंय.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी गोड — साहेब, आकडा उलटा टाकलाय, शून्य करा. केला. चालायला लागला. आणि आठवड्याने दुसरा मेल, वेगळ्या माणसाचा — फाईलच्या आत चाचणीच्या कॉपीचा नंबर दिसतोय, असे किती पंप विकलेत तुम्ही? आणि फाईलवर नाव आहे सुबोध राऊळ, ते हेच का?

हे शेठना माहीत नाही. म्हणजे नोटीस माहीत आहे, मी फाईल पाठवली ते नाही. मी त्यांना सांगितलंय की एक जुना इंजिनियर होता, हिवराळे, त्याने माझ्या माघारी परस्पर ती कॉपी उतरवली आणि मला सांगितलंच नाही. मी नुसतं हेड म्हणून नाव टाकलं होतं. आणि त्याची कबुली आपल्या फाईलमध्ये आहे, त्याच वेळची, त्याच्या सहीची. शेठ म्हणाले, दाखव. वकिलाकडे द्यायचीय. तो कागद हवा नाहीतर तुझा राजीनामा हवा, साडेचारला येतो. एकवीस वर्षं झाली मला इथे. एकवीस वर्षांनी हे बोलले ते मला, लिफ्टमध्ये, लिफ्टमनच्या समोर.

म्हणून म्हणतो, सही कर. तुझं काय जातंय? ती लोकं एक रागाचं पत्र पाठवतील तुला, फार तर तुझं नाव त्यांच्या यादीत जाईल. ही एकच ऑपरेटिंग सिस्टम आहे का जगात? — ती जर्मन कंपनी हीच वापरते? असं. मला नव्हतं माहीत. बरं, माहीत होतं. पण त्यांना कळायला वर्ष जाईल, तोवर कायम होशील तू. आणि नाही केलीस सही तर उद्या संध्याकाळी त्यांचा फोन येईल, आणि मी सांगेन, असा कोणी माणूस आमच्याकडे नव्हता. मग तू आणि तुझा टॉर्च. विचार कर. बायको आहे ना तुझी, नीलम? पोटुशी आहे म्हणे. मला सगळं कळतं.

तुम्हा लोकांना नावाचं एवढं काय असतं रे? माझे वडील मिलमध्ये साचे चालवायचे, बत्तीस वर्षं, कापडावर कधी त्यांचं नाव आलं? 'गप ऱ्हव, काम कर' म्हणायचे. मी गप्प राहिलो, काम केलं, म्हणून पार्ल्याला फ्लॅट घेतला. तू बोललास, म्हणून तू तिथे आहेस.

— हां. शाब्बास. हे घे पेन. ते नको, ते अडतं, हे घे. खाली, रेघेवर. बघ, झालं की नाही? उगाच तासभर घालवलास. आणि बरं का, मनात काही ठेवू नकोस, माझ्याही मनात नाही. पवईला लागलास की पेढे घेऊन ये, मी स्वतः कमलला सांगेन — किती लिहितोयस? सही सांगितली, निबंध नाही. पूर्ण नाव घाल, बस. दुसऱ्या प्रतीवर पण एवढं? दाखव. अरे, दाखव इकडे.

'दिनांक १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार वाजून बारा मिनिटे.' — आजची तारीख कशाला टाकलीस? — 'काय बदललं: जुन्या तारखेच्या पत्रात माझं नाव. कोणी बदललं: सुबोध राऊळ. का बदललं: नोटीस आली म्हणून.'

तू — हे काय — तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय का, हरामखोर? लेटरहेडची वाट लावलीस! तुला कळतंय का तू काय केलंस? माझं जे व्हायचं ते होईल, पण हे पत्र पवईला दाखवू शकतोस तू आता? हे? तुझी नोकरी गेली, धम्मपाल. या क्षणाला गेली. आयुष्यभर डक्टमध्ये सडशील. कळतंय ना? — कळतंय? मग मान काय डोलावतोस?

बरं. बरं, थांब. ऐक. चुकलं माझं. शिवी दिली, चुकलं. दुसरं पत्र देतो, आत्ता टाइप करतो, खरं, आजच्या तारखेचं, पाहिजे ते लिही, फक्त ती तुझ्याकडची प्रत दे मला. मुलगी दहावीला आहे माझी, अपूर्वा. ही एक फाडतो मी, हे बघ, फाडली. ती दे. दुसरी. हात का मागे घेतोस? धम्मपाल, दे ती. तुझ्या आईची शप्पथ —

नाही. आईचं नाव नाही घेणार. माफ कर.

मग ऊठ. ऊठ आणि चालता हो माझ्या ऑफिसातून. दार तिकडे आहे. कमल, याला गेटपर्यंत सोडून ये. का बसलायस अजून? काय उरलंय इथे तुझं? मघाशी दहा वेळा म्हटलं चहा घे, तेव्हा हात लावला नाहीस, आणि आता तो गार ढोण चहा घेऊन काय बसलास? कोणासाठी थांबलायस?

— कोण आलं, कमल? इतक्यात? अजून साडेचार कुठे — या शेठ, या ना. बसा. हाच तो, हिवराळे. हो, कागद तयार आहे. म्हणजे — नाही शेठ, माझ्याकडे नाही. त्याच्या हातात आहे.